टाळूची खिडकी

१९५३ च्या डिसेंबरातली गोष्ट. स्वीडनमधल्या लुंड गावच्या इस्पितळात डोक्याला मार लागलेलं सोळा महिन्यांचं एक मूल दाखल होतं. कवटीच्या आत रक्त साकळून मेंदू एका अंगाला ढकलला गेलाय का, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. त्या काळात याचं उत्तर शोधायचं तर मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रे काढायचे, नाहीतर मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून काढायचे. धडधाकट माणसालाही नको वाटावेत असेच हे प्रकार. लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जननं वेगळा मार्ग धरला. पोलादात भेग राहिली आहे का हे ध्वनिलहरींनी तपासणारं, कारखान्यात वापरलं जाणारं एक यंत्र त्या वेळी लुंडमध्ये आलेलं होतं. त्याचा प्रोब लेक्सेलनं मुलाच्या कवटीला टेकवला. पडद्यावर चित्र असं काही नव्हतंच, एका आडव्या रेषेवर उठलेले दोन-चार उंचवटे होते. त्यातला मधला उंचवटा मेंदूच्या मध्यरेषेचा. तो आपल्या जागेवरून सरकलेला दिसला आणि रक्त साकळलंय हे कळलं.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गरोदर बाई येते. प्रत्यक्षात या तंत्राचा रुग्णाला झालेल्या पहिल्या मोजक्या उपयोगांमध्ये एका लहान मुलाचं डोकं होतं. असं असूनही मुलांच्या साध्या डॉक्टरच्या हाती हे यंत्र यायला पुढे निम्मं शतक लोटलं. त्याची कारणं काही विज्ञानातली होती, काही वैद्यकातल्या मानपानाची, आणि आपल्याकडे तर एक फार वेगळं आणि कडू कारण होतं.

ते यंत्र लुंडला आलं कसं, हे आधी सांगायला हवं. तिथला हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर याला शस्त्रक्रियेआधी हृदयाची झडप कितपत खराब आहे हे कळायला हवं होतं, आणि हातातली साधनं अपुरी पडत होती. त्याची गाठ पडली कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाशी. हर्ट्झनं माल्मो बंदरातल्या कोकुम्स जहाज कारखान्यातून भेगा शोधायचं यंत्र शनिवार-रविवारपुरतं उसनं आणलं आणि स्वतःच्याच छातीला लावून पाहिलं. हृदयाच्या ठोक्याबरोबर प्रतिध्वनी हलत होते. हर्ट्झचे वडील गुस्ताव हर्ट्झ हे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, त्यांचे सीमेन्स कंपनीशी जुने संबंध. त्या ओळखीवर सीमेन्सनं एक यंत्र वापरायला दिलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या प्रतिध्वनीची पहिली नोंद झाली. लेक्सेलनं डिसेंबरात उचललं ते हेच यंत्र. एखाद्या शोधामागे थोर तत्त्व जितकं असतं तितकीच ओळखपाळखही असते, ती अशी.

तत्त्व तसं जुनंच होतं. आडात हाक मारली की ती परत येते, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून आड किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. इथे हाक इतक्या उंच स्वराची की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. असा स्वर काढायचा कशातून, याचं उत्तर पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधलेल्या गुणधर्मात होतं: क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, आणि उलट वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हॅं या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे तत्त्व वापरून पाण्याखालच्या पाणबुड्यांचा माग काढायचं साधन बनवलं. पाणबुडीनंतर पोलाद, पोलादानंतर माणूस, असा हा प्रवास.

माणसापाशी पहिला प्रयत्न मात्र फसला. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिकनं १९४२ साली डोक्याच्या एका बाजूनं लहरी सोडून दुसऱ्या बाजूला त्या टिपायच्या आणि मेंदूतल्या पोकळ्यांचं चित्र काढायचं, अशी पद्धत जाहीर केली. दहा वर्षांनी उघड झालं की त्या आकृत्या मेंदूच्या नव्हत्याच, कवटीच्या हाडाची जाडी कुठे कमी कुठे जास्त असते, त्याचा तो खेळ होता. या फजितीतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. हाड ध्वनिलहरींना अडवतं, आणि हवा त्यांना जवळपास सगळ्याच परत फेकते. त्यांना मानवतं ते पाणी आणि पाणीदार मऊ अवयव. आता लहान मूल आठवून पाहा. कातडीखालची चरबी बेताची, हाडं कोवळी, छातीचा पिंजरा बराचसा कुर्चेचा, शरीरात पाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आणि सगळे अवयव कातडीपासून दोन-चार बोटांवर. हे यंत्र जणू त्याच्यासाठीच बनलेलं होतं. पण ते गेलं दुसरीकडे.

ते गेलं ग्लासगोला, स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्डकडे. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत घालून रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलरच्या कारखान्यात गेला. तिथल्या भेगा शोधायच्या यंत्रावर त्या गाठी तपासल्या गेल्या, आणि तुलनेसाठी कारखान्यानं गोमांसाचा एक मोठा तुकडा तयार ठेवला होता. घट्ट गाठ आणि पाण्यानं भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे उमटले. पुढे टॉम ब्राउन हा विशीतला इंजिनिअर येऊन मिळाला आणि प्रतिध्वनीच्या उंचवट्यांचं खरंखुरं चित्र झालं. त्यांचा गाजलेला लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला ७ जून १९५८ ला. पोटात पाणी झालेला असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती, त्या बाईच्या पोटात निघाली बीजकोशाची साधी, काढून टाकता येण्याजोगी पाण्याची गाठ. या एका उदाहरणानं इतर डॉक्टरांनी चालवलेली टिंगल थांबली असं म्हणतात.

त्याच महिन्यात, २८ जूनला, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट यांचा बालकर्करोगावरचा अभ्यास छापून आला. गरोदरपणी आईच्या पोटाचे एक्स-रे काढले असतील तर मुलाला कर्करोग होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असा त्याचा निष्कर्ष. तो पचायला वैद्यक जगाला बरीच वर्षं लागली. तीन आठवड्यांच्या अंतरानं छापलेले हे दोन लेख मला शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. एकात दुखणं होतं, दुसऱ्यात त्यावरचा उतारा. पण दोन्हींची गाठ पडायला अवकाश होता.

१९६० च्या दशकात सोनोग्राफी इस्पितळात स्थिरावली ती क्ष-किरण विभागाच्या अंधाऱ्या खोलीत. ते साहजिकही होतं. यंत्रं अवजड होती. अमेरिकेत डेन्व्हरच्या डग्लस हाउरीनं तर रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवून भोवती प्रोब फिरवायची व्यवस्था केली होती, आणि त्या फिरत्या जोडणीसाठी बी-२९ बॉम्बफेकी विमानाच्या बंदूक-बुरुजाचे सुटे भाग वापरले होते. नंतर पाणी गेलं, जेल आलं, तरी चित्र रेषेरेषेनं, सावकाश उमटायचं. रुग्णानं तोवर निपचित पडून राहायचं. दोन वर्षांच्या मुलाला कुणी निपचित पडून राहायला सांगून बघावं! ही अडचण सुटली ती हलतं चित्र देणाऱ्या यंत्रांनी. सीमेन्सचं ‘व्हिडोसन’ १९६५ च्या सुमारास आलं. सेकंदाला पंधरा चित्रं. सत्तरच्या दशकात स्फटिकांची रांगच्या रांग बसवलेले छोटे प्रोब आले आणि रडणारं, हातपाय झाडणारं मूलही तपासता येऊ लागलं.

१९७७ साली बॉस्टनच्या रिटा टील आणि सहकाऱ्यांनी जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन दूध पुढे न सरकणारी, कारंज्यासारखी उलटी करणारी बाळं सोनोग्राफीनं ओळखून दाखवली. त्याआधी अशा बाळाला बेरियम पाजून एक्स-रे काढावे लागत. पण मुलांच्या बाबतीतला खरा उलटफेर झाला तो मेंदूत, आणि तोही ज्यांचं वजन दीड किलोसुद्धा नसतं अशा बाळांच्या.

साठच्या दशकापर्यंत खूप आधी जन्मलेलं बाळ श्वास न घेता आल्यानं दगावायचं. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा पॅट्रिक केनेडी असाच, जन्मून दोन दिवसही व्हायच्या आत गेला. मग नवजात बाळांसाठी व्हेंटिलेटर आले. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरीनं हवेचा सतत थोडा दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवायची साधी पद्धत दाखवली. बाळं जगायला लागली. आणि मग लक्षात आलं की फुप्फुसानं तारलेल्या बाळांना मेंदू दगा देतोय. मेंदूतल्या पोकळ्यांपाशी नाजूक केशवाहिन्यांचं जाळं असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते फुटतं. हे किती जणांत होतं, हे कळायचं शवविच्छेदनाच्या टेबलावर. जी बाळं जगली त्यांच्यातलं काहीच कळायचं नाही.

१९७८ साली न्यू मेक्सिकोतल्या लु-अ‍ॅन पपिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, ओळीनं आलेल्या ४६ बाळांचं सीटी स्कॅन केलं. वीस बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला होता. त्यातल्या काही जगलेल्या बाळांमध्ये तर बाहेरून एकही लक्षण नव्हतं. रक्तस्रावाच्या त्यांनी पाडलेल्या चार पायऱ्या आजही नवजात विभागात तशाच बोलल्या जातात. ‘ग्रेड टू आहे’ असं डॉक्टर म्हणतात ते तिथून आलं. पण सीटीसाठी बाळाला काचेच्या पेटीतून बाहेर काढा, नळ्या सांभाळत दुसऱ्या विभागात न्या, थंड टेबलावर ठेवा, किरणोत्सर्ग द्या आणि परत आणा, एवढा व्याप. एकदा न्यायचीच भीती, तर रोज कोण नेणार? आणि रोज पाहिल्याशिवाय रक्तस्राव कधी होतो हे कळणार नाही.

इथे टाळू कामाला आली. आपल्याकडे आजी बाळाच्या टाळूवर रोज तेल थापते, ती भरली का हे बोटानं बघते, बाळाला जुलाब झाले की ती खोल गेली का हे आधी पाहते. डॉक्टरसुद्धा तिथे हात ठेवून शरीरातलं पाणी आणि मेंदूतला दाब जोखत आले आहेत. वर्ष-दीड वर्षापर्यंत कवटीत हाड नसलेली ती एक जागा. डुसिकला ज्या हाडानं फसवलं ते इथे नाहीच. १९७९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधून कॅरन पेप आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूतली इजा सोनोग्राफीनं दिसते, हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत टाळूवर प्रोब ठेवून मेंदू पाहायची पद्धत जगभर रूढ झाली. यंत्राला चाकं होती. ते पेटीपाशी गेलं, पेटीच्या झरोक्यातून हात आत गेला, आणि बाळ जागचं हललं नाही.

त्याचे परिणाम निदानापुरते राहिले नाहीत. रोज पाहता येऊ लागल्यावर कळलं की बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच होतात. म्हणजे प्रसूतीच्या आधी आणि त्या तीन दिवसांत काय केलं, यावर पुढचं आयुष्य ठरतं. रक्तस्रावाहून जास्त घातक ठरणारी, पोकळ्यांच्या कडेच्या पांढऱ्या भागाची हानी कशी उलगडत जाते आणि पुढे सेरेब्रल पाल्सीशी तिचं नातं काय, हेही जिवंत बाळात पाहता आलं. नवजात बाळांच्या डॉक्टरांनी प्रोब हातात घेतला तो इथे. क्ष-किरण विभागानं फारशी हरकतही घेतली नाही, कारण रात्री तीन वाजता पेटीपाशी यायला तिथून कुणी उत्सुक नव्हतं.

बाकीच्या बालरोगांत मात्र मूलच यंत्राकडे जात राहिलं. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफनं बाळाच्या खुब्याच्या सांध्याची सोनोग्राफी सुरू केली. १९८६ मध्ये हॉलंडच्या युलियन पायलार्टनं पोटावर प्रोब हळूहळू दाबत नेऊन मधली हवा सारली आणि सुजलेलं अपेंडिक्स दाखवलं. एकापाठोपाठ एक उपयोग वाढले. ते करायचे मात्र रेडिऑलॉजिस्टनं, ठरलेल्या वेळी, त्यांच्या खोलीत.

आणि एक अवयव तर मुळातच वर्ज्य मानला गेला होता: फुप्फुस. ते हवेनं भरलेलं, हवा लहरी परत फेकते, म्हणून तिथे सोनोग्राफीचं काम नाही, असं पाठ्यपुस्तकंच सांगत. तर्क बिनचूक वाटतो. त्याला पहिला तडा गेला तो घोड्यापाशी. १९८६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या घोड्याच्या छातीत सोनोग्राफीनं ती हवा ओळखली. कातडीखाली निरोगी फुप्फुस श्वासागणिक जे सरकताना दिसतं, ते सरकणंच तिथे थांबलेलं होतं. माणसांच्या डॉक्टरांनी घोड्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते पॅरिसच्या उपनगरातल्या एका अतिदक्षता विभागातल्या डॅनिएल लिश्तेन्श्टाइन या डॉक्टरनं. १९८९ पासून तो चाकांवरचं एक जुनं यंत्र घेऊन रुग्णांच्या छातीवर प्रोब लावत होता. त्याचा युक्तिवाद असा: निरोगी फुप्फुस दिसत नाही हे मान्य, पण फुप्फुस आजारी पडतं म्हणजे बहुतेक वेळा त्यात हवेच्या जागी पाणी किंवा पू येतो, आणि पाणी तर या यंत्राला आवडतंच. शिवाय निरोगी फुप्फुसावर उमटणारे ‘खोटे’ प्रतिध्वनीसुद्धा ठरावीक असतात. आडव्या रेषा दिसल्या की हवा आहे, उभे चकचकीत पट्टे उतरले की पाणी झिरपतंय. दोन बरगड्या आणि त्यांच्यामधला फुप्फुसाचा काठ मिळून जे चित्र दिसतं त्याला त्यानं वटवाघळाचं नाव दिलं. ज्या प्राण्याच्या प्रतिध्वनीनं पाहण्यावर अठराव्या शतकात स्पालान्झानीनं प्रयोग केले होते, तोच पडद्यावर आला! रेडिऑलॉजीच्या पंडितांनी ज्याला कचरा म्हणून चित्रातून वगळलं होतं त्यातच लिश्तेन्श्टाइनला निदान सापडलं. त्याचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. मान्यता मिळायला आणखी सोळा वर्षं गेली: २००८ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात त्यानं धाप लागलेल्या २६० प्रौढ रुग्णांची आकडेवारी मांडली, त्यात ९०.५ टक्के निदानं बरोबर होती.

दरम्यान यंत्र लहान झालं. डिसेंबर १९८८ मधल्या आर्मेनियाच्या भूकंपात तिथल्या डॉक्टरांनी तीन दिवसांत चारशे जखमींची पोटं इस्पितळाच्या दारातच सोनोग्राफीनं पाहिली होती. गर्दीत हे साधन काय करू शकतं हे तिथे दिसलं. अमेरिकी संरक्षण खात्यालाही रणांगणावर नेता येईल असं यंत्र हवं होतं. त्यांच्या पैशातून १९९० च्या दशकात जे संशोधन झालं, त्यातून १९९९ मध्ये ‘सोनोसाइट’चं जेमतेम अडीच किलोचं यंत्र बाजारात आलं. पाणबुडीपासून निघालेली ही वस्तू पुन्हा एकदा युद्धाच्या वाटेनंच इस्पितळात परतली. २०१८ पर्यंत प्रोब थेट मोबाइल फोनला जोडायची सोय झाली.

मुलांच्या न्यूमोनियाच्या बाबतीत आता हे सगळं जुळून आलं. इटलीतल्या रोबेर्तो कोपेत्ती आणि लुइजी कात्तारोस्सी यांनी २००८ मध्ये न्यूमोनियाचा संशय असलेल्या ७९ मुलांची छाती सोनोग्राफीनं तपासली. साठ जणांत न्यूमोनिया दिसला. छातीच्या फोटोत तो ५३ जणांतच दिसत होता. २०१५ मध्ये आठ अभ्यासांतल्या ७६५ मुलांची एकत्र मांडणी झाली: खरा न्यूमोनिया पकडण्याचं प्रमाण ९६ टक्के. २०१६ च्या न्यूयॉर्कमधल्या एका चाचणीत १९१ मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. ज्यांची आधी सोनोग्राफी झाली त्यांच्यात एक्स-रे ३८.८ टक्क्यांनी घटले आणि एकही न्यूमोनिया निसटला नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१५ मध्ये तातडीच्या विभागातल्या बालरोगतज्ज्ञांनी स्वतः खाटेपाशी सोनोग्राफी करण्याला धोरण म्हणून मान्यता दिली. २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी अत्यवस्थ नवजात आणि मोठ्या मुलांसाठी ४१ सूचनांची मार्गदर्शिका काढली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या यंत्राचं वेड लागायला वेळ लागत नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियात पोटाला मुका मार लागलेल्या पण प्रकृती स्थिर असलेल्या ९२५ मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांची खाटेपाशी सोनोग्राफी केली, निम्म्यांची नाही. सीटी स्कॅनचं प्रमाण एका गटात ५२.४ टक्के, दुसऱ्यात ५४.६, म्हणजे फरक नाहीच. तातडीच्या विभागातला मुक्काम, खर्च, काहीच बदललं नाही. मोठ्या माणसांत पोटात रक्त दिसलं की शस्त्रक्रियेचा निर्णय पुढे सरकतो. मुलांच्या यकृताला, प्लीहेला झालेल्या जखमा बहुधा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतात, आणि पोटात रक्त नसलं तरी आत जखम असू शकते. प्रश्नच वेगळा होता, म्हणून उत्तराचा उपयोग झाला नाही. फुप्फुसाच्या बाबतीतही एक मेख आहे. एक्स-रेमध्ये न दिसणारे एखाद-दोन सेंटिमीटरचे ठिपके प्रोबला दिसतात. ते बऱ्याचदा साध्या विषाणूचे असतात आणि हाताखालच्या डॉक्टरला लगेच अँटिबायोटिक लिहायचा मोह होतो. खाटेपाशीच्या सोनोग्राफीला एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा: छातीत पाणी आहे का, आतड्यात आतडं शिरलंय का, हृदय नीट आकुंचन पावतंय का, मूत्राशय भरलेलं आहे का. ‘बघू काय दिसतंय’ म्हणून प्रोब फिरवला की काहीतरी दिसतंच.

आणि यंत्र हाच न्यूमोनियाशी लढायचा एकमेव रस्ता आहे असंही नाही. जगात २०१९ साली पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं गेली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना मुलाचे मिनिटातले श्वास मोजायला शिकवलं, ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी सरकवायची पट्टी असलेलं साधन बनवलं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियाचे बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी झाले होते. मला वाटतं, सोनोग्राफीची किंमत ठरवताना तिची तुलना नेहमी एक्स-रेशी न करता कधीकधी या मण्यांच्या पट्टीशीही करावी.

आता ते कडू कारण. पाश्चात्त्य देशांत बालरोगतज्ज्ञाला प्रोब मिळायला उशीर झाला तो मुख्यतः विभागांच्या हद्दीमुळे. आपल्याकडे तोच प्रोब मुली जन्मालाच येऊ नयेत म्हणून वापरला गेला. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भाचं लिंग सांगणाऱ्या गर्भजल तपासणीच्या जाहिराती उघड झळकत होत्या. तिथल्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मंच उभारला आणि त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अमलात आला १ जानेवारी १९९६ ला. तोवर सोनोग्राफी यंत्रं तालुक्यांच्या गावी पोहोचली होती आणि कायदा कागदावरच होता. २००० साली ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयानं यंत्र विकणाऱ्या कंपन्यांकडून ग्राहकांच्या याद्या मागवल्या. २००३ मध्ये कायदा कडक झाला.

तरी आकडे घसरतच राहिले. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी यंत्राला जोडून प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवायला लावलं. रेडिऑलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०११ मध्ये हरली. २०१२ च्या नियमदुरुस्तीनं हाती नेता येणाऱ्या यंत्रांचा वापर नोंदणी झालेल्या जागेच्या आत, दाखल रुग्णांसाठी, किंवा सरकारी चौकटीत बसणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित केला.

या सगळ्यात बालरोगतज्ज्ञ कुठेच नव्हता. त्याचा रुग्ण तर जन्मलेला असतो. पण यंत्राला हे ठाऊक नसतं. जो प्रोब बाळाच्या टाळूवर ठेवता येतो तो आईच्या पोटावरही ठेवता येतो, आणि खिशात मावणारा प्रोब तर कुठेही नेता येतो. म्हणून नवजात विभागातल्या यंत्रालाही नोंदणी, जागेची अट, तपासणीची धास्ती, सगळं लागू. मोठ्या इस्पितळांनी हे निभावलं. तिथे पेटीपाशी सोनोग्राफी आता रोजची झाली आहे, आणि निवासी डॉक्टरांना ती शिकवलीही जाते. तालुक्याच्या गावात एकट्यानं दवाखाना चालवणारा बालरोगतज्ज्ञ मात्र हिशोब करतो: एखादा कागद चुकला तर यंत्राला सील, कदाचित परवान्यावरही गदा. तो यंत्र घेत नाही. मुलाला छातीच्या फोटोसाठी पाठवतो, किंवा सोनोग्राफीसाठी जिल्ह्याला.

जगभरातले उत्साही लोक याला नोकरशाहीचा अडथळा म्हणतात. आपल्या डॉक्टरांच्या परिषदांमध्येही, बालरोगतज्ज्ञांना कायद्यातून वगळा, अशी मागणी ऐकू येते. मला ती तशी सरसकट मान्य करता येत नाही. ९४६ वरून ८९४ हा प्रवास डॉक्टरांच्याच हातून झाला, आणि तोही नोंदणी असलेल्या, पदव्या लटकवलेल्या खोल्यांमधून. दुसरीकडे, कायद्यानं जी जन्माला येऊ शकली ती मुलगी श्वास लागून तालुक्याच्या दवाखान्यात आली, तर तिच्या छातीवर प्रोब ठेवायला तिथे कुणी नाही, हेही तितकंच खरं. मधला रस्ता तांत्रिक असू शकतो: वरवरचंच पाहू शकणारे, गर्भापर्यंत न पोहोचणारे उच्च वारंवारतेचे प्रोब वेगळे नोंदवणं, प्रत्येक चित्र आपोआप साठवणारी यंत्रं, बालरोगाच्या पदव्युत्तर शिक्षणातच मोजूनमापून प्रशिक्षण. बाळाच्या छातीसाठी आणि टाळूसाठी तेवढ्या खोलीपुढे जायची गरजही फारशी नसते.